ताप उतरला की मूल बरं झालं असं लिहून देणाऱ्यांना खुलं पत्र

तापाच्या ओपीडीत लहान मुलं तपासणारे डॉक्टर, हॉस्पिटलं चालवणारी मंडळी आणि आरोग्य खात्यात डेंग्यू-चिकनगुनियाची पत्रकं आणि नियम तयार करणारे अधिकारी, तुम्हा सगळ्यांना,

नमस्कार.

मी डॉक्टर नाही. आठ वर्षांच्या एका मुलीची आई आहे. आमचं जिथे झालं त्या हॉस्पिटलला मी आधी साधं पत्र पाठवलं होतं, भांडण म्हणून नाही, विनंती म्हणून, की डेंग्यूसारख्या तापानंतर मेंदूवर आणि नसांवर होणाऱ्या परिणामाच्या खुणा घरी सोडतानाच्या कागदावर छापा. दोन ओळींचं उत्तर आलं. असं फार क्वचित होतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर ते छापलं तर पालक उगाच घाबरतील, त्यामुळे सध्या बदल करायची गरज वाटत नाही. हॉस्पिटलचं नाव इथे घेत नाही कारण ते एकटं तसं नाहीये, तेव्हापासून मला जेवढे पालक भेटले, बोलले, त्यांनी आपापले कागद दाखवले आणि सगळ्यांचे कागद जवळपास सारखेच निघाले. म्हणून आता सगळ्यांना उघड लिहितेय.

आधी काय झालं ते सांगते.

लेकीला ताप आला, चार दिवस फणफणून होता, डेंग्यूची एनएस-वन टेस्ट पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट उतरायला लागल्या म्हणून अॅडमिट केलं. तिथपर्यंत सगळं नीट झालं आणि मी ते मनापासून म्हणते, सिस्टर दर दोन तासांनी येऊन बीपी बघायच्या, सलाईनचा हिशोब ठेवायच्या, लघवी किती झाली विचारायच्या. सहाव्या दिवशी ताप गेला, प्लेटलेट वर चढल्या, आणि आम्हाला घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं, प्रकृती सुधारली, भरपूर पाणी द्या, पोटात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली तर ताबडतोब या. मी तो कागद फ्रिजवर लावला आणि त्यातलं एकेक दिवसातून दहा वेळा तपासत होते. त्यातलं एकही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि बाथरूमकडे जाताना भिंतीला धरून चालायला लागली, पाय फाकवून, एक वर्षाचं बाळ चालतं ना तसं. मला म्हणाली आई, घर हलतंय. मला वाटलं अशक्तपणा, एवढा ताप येऊन गेलाय. मग पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला आणि तोंडापर्यंत नेईतो अर्धा सांडला, हात पेल्याजवळ जाताना जास्तच थरथरायचा आणि नुसता मांडीवर ठेवला की शांत. आणि बोलणं. एकेक अक्षर तोडून, ओढून, मधेच आवाज मोठा मधेच बारीक. आठ वर्षं मी तिचं बोलणं ऐकतेय, सर्दीतलं, रडतानाचं, झोपेतलं, हे त्यातलं कुठलंच नव्हतं.

आम्ही त्याच दिवशी परत गेलो. डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवलं, नाडी, बीपी, पोट, छाती सगळं बघितलं, रक्त काढलं, प्लेटलेट चांगल्या होत्या. मी सांगितलं की ही वेगळं बोलतेय. त्यांनी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. म्हणाले, बोलतेय की व्यवस्थित. अशक्तपणा आहे, आठवडाभर राहील. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिचे डोळे एका जागी टिकत नव्हते, बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं झटके देत होती. तेव्हा ड्युटीवर दुसरे डॉक्टर होते. त्यांनी तिला हसत विचारलं, शाळेत जायचं नाहीये का गं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी काही बोलले नाही, आणि ते न बोलणं मला अजून छळतं.

तिसऱ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने तिला टेबलावरून खाली उतरवलं आणि म्हणाली दारापर्यंत चालून दाखव बरं बाळा. तीन पावलं. चौथ्याला ती कडेला कलंडली आणि त्या डॉक्टरने तिला धरलं. मग नाकाला बोट लावायला सांगितलं, बोट गालावर गेलं. सगळा तपास मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल. त्यानंतर भराभर चक्रं फिरली, एमआरआय, मणक्यातलं पाणी काढणं, मेंदूच्या डॉक्टरांना बोलावणं, आणि कळलं की डेंग्यूनंतर लहान मेंदूला सूज आलीय. लहान मेंदू म्हणजे आपला तोल, हातापायांची जुळणी, डोळे स्थिर ठेवणं, शब्द सलग उच्चारणं हे सांभाळणारा भाग. तिला जे जे होत होतं ते सगळं त्या एका भागाचं काम होतं, आणि नुसतं झोपवून नाडी, बीपी, पोट, छाती तपासली तर त्यातलं जवळपास काहीच दिसत नाही!

ती बरी झाली. सरळ चालायला पाच आठवडे लागले, अक्षर पहिल्यासारखं व्हायला तीन महिने. बहुतेक मुलं यातून अशीच बरी होतात असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग पत्र कशाला, असं कोणी म्हणेल. तर त्या वॉर्डात मी जे बघितलं त्यासाठी.

आमच्या शेजारच्या बेडवर अकरा वर्षांचा मुलगा होता. त्यालाही डेंग्यूच. त्याला लघवी होत नव्हती. कागदावर लिहिलेलं असतं ना लघवी कमी झाली तर या, ते शरीरातलं पाणी कमी पडल्याची खूण म्हणून लिहिलेलं असतं. घरचे त्याला आधी दुसऱ्या हॉस्पिटलात घेऊन गेले, आणि पाणी कमी पडलंय असं धरून तिथे त्याला सलाईनवर सलाईन लावलं. लघवी तयार होत होती हो, तुंबली होती, मूत्राशय टम्म भरलेलं होतं. त्याच्या मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज होती. पायात मुंग्या येतात असं तो दोन दिवस सांगत होता आणि तेही अशक्तपणात गेलं. आम्ही घरी आलो तेव्हा तो अजून उभा राहत नव्हता.

म्हणून माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार त्या कागदाची. त्यावर रक्तस्राव आहे, पोटदुखी आहे, सगळं बरोबर आहे, त्या खुणांनी हजारो मुलं वाचली असतील आणि त्यातलं एक अक्षरही काढू नका. पण मेंदू आणि नसांबद्दल त्यात काय आहे? बहुतेक कागदांवर सुस्ती किंवा चिडचिड एवढा एक शब्द, आणि ताप आलेलं कुठलं मूल सुस्त किंवा चिडचिडं नसतं? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूचं नवं वर्गीकरण केलं तेव्हा गंभीर डेंग्यूत मेंदूवर होणारा परिणाम धरला, शुद्धीत फरक पडणं असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण माझी मुलगी पूर्ण शुद्धीत होती, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती, तो अकरा वर्षांचा मुलगासुद्धा. डेंग्यूनंतर मेंदूची सूज, मज्जारज्जूची सूज, पायापासून वर चढत जाणारा गिया-बारे नावाचा लुळेपणा, डोळ्यांच्या नसेची सूज, लहान मेंदूची सूज, रक्तातलं पोटॅशियम उतरून अचानक हातपाय गळणं, हे सगळं वैद्यकीय मासिकांत वर्षानुवर्षं छापून येतंय. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. फक्त ज्यांच्या डोळ्यांसमोर मूल चोवीस तास असतं त्यांना माहीत नाही. यातलं पोटॅशियमचं तर वेळेत ओळखलं आणि भरून काढलं की मूल एक-दोन दिवसांत पुन्हा हातपाय हलवतं, ते चुकलं तर श्वासाच्या स्नायूंपर्यंत किंवा हृदयाच्या ठोक्यांपर्यंत जाऊ शकतं. साखर उतरणं, सोडियम उतरणं, लिव्हर बिघडणं यानेही डेंग्यूत मूल असंबद्ध वागतं, आणि हे सगळं साध्या रक्ततपासणीत कळतं. पण तपासणी कोण सांगणार, जर वागणं बदललंय हे कोणी नोंदवतच नसेल तर?

दुसरी, झोपवून तपासणं. गर्दी मला दिसते. एका डॉक्टरामागे बाहेर शंभर पोरं कण्हत बसलेली असतात, मी स्वतः त्या रांगेत बसलेय. तरीसुद्धा. घरी सोडताना मुलाला खाली उतरवून दहा पावलं चालवणं, डॉक्टरच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला बोट लावायला लावणं, एक पूर्ण वाक्य बोलायला लावणं, कागदावर गोल काढायला सांगणं, हे सिस्टरही करू शकतात, पालकाला करायला सांगून नुसतं बघता येतं. पोटऱ्या दुखतात म्हणून चवड्यांवर चालणारं मूल वेगळं (तेही विषाणूच्या तापात होतं आणि ते बहुतेकदा आपोआप जातं), पायात ताकदच नाही ते वेगळं आणि ताकद आहे पण तोल नाही ते वेगळं. हा फरक मला आता कळतो, एका आईला, तर तुम्हाला नक्कीच कळतो, पण त्यासाठी मूल उभं करावं लागतं.

तिसरी. मोठं झालेलं मूल ताप असताना झटके देतं आणि सांगितलं जातं की तापातली फिट आहे, होतं असं. तापातली साधी फिट साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते, सगळ्या अंगाला येते, १५ मिनिटांच्या आत थांबते, २४ तासांत पुन्हा येत नाही, आणि त्यानंतर मूल थोड्या वेळात पहिल्यासारखं होतं. सात वर्षांच्या मुलाला आली, एकाच हाताला आली, पुन्हा पुन्हा आली किंवा नंतर तासन्तास मूल ओळखच देईना तर ती साधी नाही, हे तुमच्याच पुस्तकांत आहे. आणि डासाच्याच विषाणूने होणाऱ्या जपानी मेंदूज्वरात तर कधी कधी अंग झटकतच नाही, नुसतं एक बोट, एक पापणी किंवा ओठाचा कोपरा बारीक थरथरत राहतो आणि आत मेंदूत सलग फिट चालू असते. घरचे म्हणतात झोपलाय, झोपू दे. आईने सांगितलं की बोट सारखं हलतंय तर कृपा करून चादर बाजूला करून ते बोट बघा, आणि सोय असेल तिथे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, करा.

जपानी मेंदूज्वराबद्दल अजून थोडं लिहायलाच हवं, कारण वॉर्डातली ती रात्र मी विसरू शकत नाही, एका चार वर्षांच्या मुलीचा चेहरा पूर्ण निर्विकार झाला होता, डोळे मिटेचनात, हसणं नाही रडणं नाही, हात लाकडासारखे कडक आणि जीभ मधेच बाहेर यायची. तिची आजी मला म्हणाली, आमची पोर रुसलीय गं, बोलत नाही. त्या आजारात मेंदूच्या खोलवरच्या भागांना मार बसतो म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या कंपवातासारखी लक्षणं इतक्या लहान वयात दिसतात. या विषाणूची लागण झालेल्या साधारण २५० जणांत एकालाच गंभीर आजार होतो, पण ज्यांच्या मेंदूला सूज येते त्यांच्यातले ३० टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या कितीतरी जणांना हातापायाचं, बोलण्याचं, समजण्याचं, वागण्याचं काहीतरी आयुष्यभर राहतं. विषाणू मारणारं औषध नाही. लस मात्र आहे. ज्या भागात हा आजार आहे आणि तरीही लस शेवटच्या पाड्यापर्यंत पोचलेली नाही, तिथे काय अडलंय याचं उत्तर तुम्ही त्या आजीला द्यायला हवं.

चौथी तक्रार नियम लिहिणाऱ्यांसाठी आहे आणि ती मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मेंदूज्वराचे संशयित मोजायला जी व्याख्या वापरतात तिच्यात अचानक ताप, आणि त्यासोबत शुद्धीत-वागण्यात फरक किंवा नव्याने आलेले झटके, असं धरलंय. त्यात बसलं तर मेंदूज्वराच्या विषाणूची तपासणी होते. पण ज्या मुलाचं भान शाबूत आहे आणि फक्त पाय लुळा पडलाय ते त्यात बसत नाही. ते जातं पोलिओच्या देखरेखीत, जिथे १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात. चांगली पद्धत आहे, पोलिओ हटवायला लसीसोबत तिचीही मोठी मदत झाली. पण शौचात पोलिओ नाही मिळाला की फाइल बंद. १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात व्हिएतनामचा अभ्यास छापून आला होता, अचानक लुळेपणा आलेल्या २२ मुलांपैकी १२ जणांत जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची ताजी लागण सापडली. निम्म्याहून जास्त! पोलिओसारखा दिसणारा आजार डासाच्या विषाणूने झाला होता आणि तो सापडला कारण कोणीतरी मुद्दाम रक्त आणि मणक्यातलं पाणी तपासलं. एवढी वर्षं होऊन गेली. तरीही एका खिडकीवर शौच आणि दुसऱ्या खिडकीवर मणक्यातलं पाणी, आणि मूल मधल्या फटीत, हे अजून का चालू आहे?

पाचवी. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे विषय संपला. डेंग्यूची एनएस-वन पहिल्या काही दिवसांत सापडते आणि मग जाते, अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेले पदार्थ, साधारण पाचव्या दिवसानंतर दिसायला लागतात, जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडी सुरुवातीच्या दिवसांत नसू शकतात आणि आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा बघितल्यावर मिळतात. मणक्यातल्या पाण्यात डेंग्यूचा विषाणू प्रत्येक वेळी सापडतोच असंही नाही, कारण कधी कधी नुकसान विषाणू करत नाही, त्याच्याशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती करते, आणि त्या नुकसानीची लक्षणं बऱ्याचदा ताप गेल्यावर दिसतात. म्हणजे दिवस कुठला हे लिहिल्याशिवाय निगेटिव्ह या शब्दाला काही अर्थच नाही. पालकांना तो शब्द तेवढा कळतो आणि ते निर्धास्त होऊन घरी जातात. मला नमुना जपून ठेवण्याचंही सांगायचंय. अमेरिकेत १९६० साली एक लहान मुलगी मेंदूज्वराने गेली, कशाने ते तेव्हा कळलं नाही, तिच्या मेंदूचा नमुना जपून ठेवला होता आणि काही वर्षांनी त्यातूनच ला क्रॉस नावाचा डासाचा विषाणू सापडला, जो मुख्यतः मुलांनाच गाठतो. नमुना फेकून दिला असता तर?

सहावी, ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्याबद्दल. बाळंतपणाच्या आसपास आईला चिकनगुनियाचा ताप असेल तर बाळ जन्मताना अगदी छान दिसतं आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी दूध सोडतं, मलूल होतं, अंग सुजतं, झटके येतात. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मोठी साथ आली तेव्हा हे नीट नोंदलं गेलं. म्हणजे अशा आईच्या बाळाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचंच नसतं. झिका या डासाच्याच विषाणूचंही तसंच, गरोदरपणात आईला त्याची लागण झाली तर जन्मताना डोक्याचा घेर बरोबर भरलेली काही बाळं पुढच्या महिन्यांत मागे पडली. घेर एकदा मोजून थांबायचं नाही, मोजत राहायचं.

आणि सातवी, डिस्चार्जनंतर कोणीच विचारत नाही. जपानी मेंदूज्वरातून उठलेली काही मुलं तीन-चार आठवड्यांनी अचानक पुन्हा बिघडतात, झोप उडते, विनाकारण किंचाळतात, हातपाय विचित्र वळवळतात, बोलणं बंद होतं. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. यातल्या काहींत मेंदूच्या पेशींवर संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध, एनएमडीए रिसेप्टर म्हणतात त्याला, शरीराने स्वतःच अँटिबॉडी तयार केलेल्या असतात, आणि त्याला उपचार आहेत, लवकर दिले तर चांगला गुण येतो. पण महिन्याभराने बिघडलेल्या मुलाला परत कोणाकडे न्यायचं हेच पालकांना सांगितलेलं नसतं. काही मुलं तर दिसायला ठीक असतात आणि शाळेत मागे पडतात, लक्ष लागत नाही, चिडतात, मारतात, आणि बाई म्हणतात लाडावलंय.

आता ते घाबरण्याचं.

तुम्ही लिहिलंत की पालक घाबरतील. मी सांगते मी कधी घाबरले ते. माझं मूल माझ्या डोळ्यांसमोर बदलत होतं आणि त्या बदलाला कोणत्याही कागदावर नाव नव्हतं, तेव्हा घाबरले. मला वाटायला लागलं की मीच वेडी झालेय. तिचे बाबा मला समजावत होते की दोन-दोन डॉक्टरांनी बघितलंय, आता तू शांत हो. जर त्या फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ असती, चालताना तोल जातो का, तर मी तो कागद घेऊन टेबलावर ठेवला असता आणि म्हटलं असतं हे बघा, तुमच्याच कागदावर आहे. माझे तीन दिवस वाचले असते. त्या शेजारच्या मुलाचे तर त्याहून जास्त. पोटदुखीची ओळ वाचून पालक घाबरत नाहीत का? घाबरतात, आणि घेऊन येतात, त्यासाठीच ती ओळ आहे.

क्वचित होतं म्हणता, तेही मान्य. पण डासाचे हे ताप लाखोंनी होतात, त्यातलं क्वचित म्हणजे मोजकीच चार मुलं नव्हेत. आणि जे नोंदवतच नाही ते क्वचितच दिसणार. २०१५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर वानेसा वान डर लिंडेन यांना एकामागून एक फार लहान डोक्याची बाळं दिसायला लागली (ती झिकामुळे, हे नंतर कळलं), त्यांनी आपल्या आईला विचारलं, त्याही मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, त्यांनाही तसंच दिसत होतं, आणि त्यांनी ते सरकारला कळवलं. कोणी म्हटलं नाही की क्वचित होतं, राहू द्या. नोव्हेंबरात ब्राझीलने आणीबाणी जाहीर केली, १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने. सुरुवात कुठून झाली, तर एका डॉक्टरला हे नेहमीचं नाही असं वाटलं आणि तिने ते वाटणं झटकून टाकलं नाही.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करते. प्रत्येक विचित्र हालचाल मेंदूच्या सुजेचीच नसते, उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधानेही मुलाची मान वाकडी होते, डोळे वर चढतात, आणि ते औषध थांबवून, उतारा देऊन लवकर उतरतं. खूप दिवस झोपून उठलेलं मूल अशक्त असतंच. मी असं म्हणतच नाहीये की प्रत्येक आईच्या सांगण्यावर एमआरआय करा. मी म्हणतेय बघा. उभं करा, चालवा, आणि केस पेपरवर लिहा की आईच्या म्हणण्यानुसार बोलण्यात बदल. आमच्या दोन्ही वेळच्या केस पेपरवर माझं ते वाक्य लिहिलेलंच नाही. नुसतं लिहिलं असतं तरी दुसऱ्या डॉक्टरांना कळलं असतं की ही बाई कालही हेच म्हणत होती.

मागण्या सरळ आहेत.

डेंग्यू, चिकनगुनिया किंवा न समजलेल्या विषाणूतापाच्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कागदावर मेंदू आणि नसांच्या खुणा सोप्या भाषेत छापा. घरी सोडण्याआधी मुलाला चालवून, बोलवून बघणं सक्तीचं करा आणि केल्याची सही ठेवा. पालकाने सांगितलेला बदल त्याच्याच शब्दांत केस पेपरवर लिहा. अचानक लुळेपणा आलेल्या मुलाच्या शौचासोबत रक्त आणि गरज असेल तर मणक्यातलं पाणी डासाच्या विषाणूंसाठीही तपासा, आणि लवकर घेतलेली तपासणी निगेटिव्ह आली तर पुन्हा कधी करायची ती तारीख रिपोर्टवरच लिहा. उरलेला नमुना टाकू नका. मेंदूला सूज आलेल्या मुलांना महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने बोलवा, फिजिओथेरपी आणि बोलण्याचे उपचार तिथेच सांगा, शाळेसाठी चिठ्ठी द्या. तापात बाळंत झालेल्या आईच्या बाळाला निदान आठवडाभर नजरेखाली ठेवा. जपानी मेंदूज्वराची लस जिथे लागते तिथे पोचवा. आणि भान शाबूत असलेली पण चालणं, बोलणं, डोळे, लघवी बिघडलेली मुलं मोजायला लागा, दरवर्षी आकडा जाहीर करा.

यातल्या पहिल्या तीन मागण्यांना कुठलंही मशीन लागत नाही. कागद आणि एक मिनिट लागतं. डासांचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या तीन व्हायलाच पाहिजेत, बाकीच्यांसाठी तारीख द्या, मी पुन्हा लिहीन.

कागदावर काय छापायचं यासाठी समिती नेमायची वाट बघू नका म्हणून मजकूर मीच लिहून देते. आमच्या मुलीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तो वाचून दुरुस्त केलाय. असाच्या असा घ्या, माझं नाव कुठेही नको:

"ताप उतरल्यावरही पुढचे चार आठवडे मुलाकडे लक्ष ठेवा. चालताना तोल जातोय किंवा पाय फाकवून चालतंय, पेला-पेन्सिल धरताना हात थरथरतोय, बोलणं तुटक किंवा बोबडं झालंय किंवा बंद झालंय, डोळे झटके देतायत, एकाचे दोन दिसतायत किंवा अंधुक दिसतंय, हातापायात ताकद नाही किंवा मुंग्या येतायत, लघवी लागूनही होत नाहीये, चेहरा एका बाजूला ओढलाय किंवा निर्विकार झालाय, एखादं बोट, पापणी, ओठ सतत थरथरतोय, झोपेतून नीट जागं होत नाहीये, वागणं अचानक बदललंय. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी मुलाला घेऊन या आणि हा कागद दाखवा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. वाट बघू नका."

आपली,
दोनदा परत पाठवलेल्या एका मुलीची आई